लाकडी डेकची तपासणी: सुरुवात भिंतीपाशी

मध्य न्यू जर्सीतील एका मराठी दाम्पत्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी गेल्या हिवाळ्यात घेतलेल्या घराच्या मागच्या बाजूस १२ बाय १६ फुटांचा लाकडी डेक आहे. जमिनीपासून तो सुमारे नऊ फूट उंच आहे, घराबरोबरच २००५ साली बांधलेला आहे, आणि घर विक्रीस काढण्यापूर्वी आधीच्या मालकांनी त्याला नवा रंग दिलेला आहे. फळ्या भक्कम दिसतात, चालताना वाजत नाहीत. या श्रावणात तेथे मंगळागौरीचे खेळ ठेवायचे आहेत, तीस-पस्तीस जणी येतील, आणि भारतातून येणारे वयस्कर आई-वडील संध्याकाळी तेथेच बसतील. अशा डेकची घरच्या घरी नियमित तपासणी कशी करावी, किती वेळा करावी, आणि तज्ज्ञाला केव्हा बोलवावे, असे त्यांनी विचारले आहे. स्थापत्य अभियंता म्हणून या भागातील घरांचे डेक तपासण्याचे काम मी अनेक वर्षे करत आहे. त्या अनुभवावरून हे उत्तर लिहीत आहे.

फळ्या भक्कम दिसतात यावरून डेक भक्कम आहे असे ठरत नाही, हे आधी स्पष्ट करतो. फळी कुजली तर पाय अडकतो, घोटा मुरगळतो, आणि दुरुस्ती एका दुपारची असते. आख्खा डेक कोसळतो तेव्हा मात्र तो बहुधा घराच्या भिंतीपासून सुटलेला असतो. डेकचे एक टोक खांबांवर ठेवलेल्या तुळईवर टेकलेले असते, तर दुसरे टोक भिंतीला लावलेल्या एका आडव्या, जाड फळीवर असते. तिला लेजर बोर्ड म्हणतात. फळ्यांखालचे वासे, म्हणजे जॉइस्ट, या लेजरपासून तुळईपर्यंत जातात. त्यामुळे डेकवरचा जवळपास निम्मा भार त्या एका फळीवर आणि तिला भिंतीशी धरून ठेवणाऱ्या मूठभर बोल्टांवर येतो. हा सांधा वरून दिसत नाही आणि पावसाचे पाणी नेमके तेथेच मुरते. म्हणून तपासणी करायची असेल तर वर उभे राहून फळ्या न्याहाळण्याआधी खाली उतरावे आणि थेट भिंतीपाशी जावे.

भार किती असतो याचा अंदाज असलेला बरा. अमेरिकेत प्रचलित असलेल्या आयआरसी या आदर्श निवासी संहितेनुसार डेकची रचना दर चौरस फुटाला ४० पौंड वापरभार, म्हणजे माणसांचा आणि सामानाचा भार, धरून करतात. चार चौरस फुटांच्या चौकोनात १६० पौंडांचा एक माणूस, असे चित्र डोळ्यांपुढे आणले म्हणजे हा आकडा समजतो. आपल्या डेकचे क्षेत्रफळ १९२ चौरस फूट आहे. म्हणजे एकूण वापरभार ७,६८० पौंड झाला. डेकच्या स्वतःच्या वजनासाठी चौरस फुटाला आणखी १० पौंड धरले आणि त्या सर्वांचा निम्मा वाटा काढला, तर लेजरवर ४,८०० पौंड येतात. लेजर १६ फूट लांब असेल तर दर फुटाला ३०० पौंड. वाशांची लांबी बारा फुटांपर्यंत असताना अर्धा इंच जाडीचे लॅग स्क्रू, म्हणजे लाकडात पिळून बसवायचे जाड स्क्रू, दर १५ इंचांवर, एक वर एक खाली अशा नागमोडी रांगेत हवेत, असे संहितेतील कोष्टक सांगते. १६ फुटांत असे साधारण तेरा स्क्रू बसतात. तीस-पस्तीस जणींचे वजन ७,६८० पौंडांच्या खालीच राहील. त्यामुळे पाहुण्यांची संख्या ही मला मुख्य अडचण वाटत नाही. २००५ साली जे सांधे केले ते त्या वेळी नियमाप्रमाणे होते का, आणि आज ते तसेच उरले आहेत का, हा खरा प्रश्न आहे.

आता प्रत्यक्ष पाहणी. त्यासाठी चांगली टॉर्च, टोकदार स्क्रूड्रायव्हर किंवा आरी (भोक पाडायचा टोच्या), मोजपट्टी आणि फोन एवढे साहित्य पुरते. दिवस निवडताना पाऊस पडून गेल्यानंतरचा दुसरा किंवा तिसरा दिवस निवडावा. त्या दिवशी सगळे लाकूड सुकलेले असते आणि जेथे पाणी अडकून राहते तेवढेच डाग काळपट, ओले दिसतात. पुढे कोठे कुजणार आहे याचा नकाशाच आयता मिळतो.

लेजरच्या खाली उभे राहून तिच्या दर्शनी बाजूवर टॉर्च मारावी. षटकोनी डोक्याचे बोल्ट किंवा लॅग स्क्रू आणि त्यांच्याखाली वॉशर दिसले पाहिजेत. नुसत्या खिळ्यांच्या टिकल्या दिसत असतील आणि बोल्ट एकही नसेल, तर तपासणी तेथेच थांबवावी, डेकचा वापर बंद करावा आणि अभियंत्याला बोलवावे. खिळा आडवा भार बराच पेलतो; परंतु त्याच्या लांबीच्या दिशेने ओढ बसली की तो सरकत बाहेर येतो, आणि गर्दी पुढच्या कठड्याकडे झुकली की लेजरवर तशीच ओढ बसते. बाहेर निघू शकतील अशा खिळ्यांच्या भरवशावर लेजर लावण्यास संहितेत स्पष्ट मनाई आहे. तरीही जुन्या वसाहतींत अशी कामे आजही सापडतात. कारण सोपे आहे: खिळे ठोकणारे यंत्र सुताराच्या हातातच असते, बोल्टासाठी भोके पाडत बसावे लागते.

याच सांध्याची दुसरी बाजू तळघरातून दिसते, आणि बहुतेक घरमालकांनी ती कधीच पाहिलेली नसते. तळघरात जाऊन डेकच्या बाजूच्या भिंतीवर, छताला लागून, वाशांच्या मधोमध कोंबलेली गुलाबी किंवा पिवळी इन्सुलेशनची गादी हातमोजे घालून हलकेच बाजूला करावी. मागे घराची कडेची फळी दिसते, तिला रिम जॉइस्ट म्हणतात. त्या फळीतून बोल्टांचे नट किंवा लॅग स्क्रूंची टोके आत आलेली दिसली पाहिजेत. लॅग स्क्रूचे टोक तर फळीच्या आतल्या पृष्ठभागाच्या पूर्ण बाहेर यावेच लागते. काहीच दिसत नसेल तर बाहेर दिसणारे स्क्रू आखूड आहेत किंवा ते नुसतेच बाहेरच्या आवरणात रुतलेले आहेत, असे समजावे. लाकडावर काळे ओघळ, पांढरी बुरशी किंवा गंजाचे तांबूस ओघळ असतील, तर भिंतीतून पाणी आत येत आहे. माझ्या पाहण्यातील एका घरात लेजर बाहेरून नवीकोरी दिसत होती. मालकांनी दोन वर्षांपूर्वीच ती बदलून घेतली होती. मात्र कंत्राटदाराने ती ज्या रिम जॉइस्टला बोल्टाने आवळली होती, ती तळघरातून पाहिली तेव्हा स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला.

पाणी आत का येते, हेही याच वेळी पाहून घ्यावे. लेजरच्या माथ्यावर धातूची किंवा प्लास्टिकची दुमडलेली पट्टी हवी. तिला फ्लॅशिंग म्हणतात. तिचा वरचा भाग भिंतीच्या आवरणामागे जाऊन खालचा भाग लेजरवरून पुढे उतरला पाहिजे, म्हणजे भिंतीवरून ओघळणारे पाणी लेजरच्या मागे न शिरता पुढे पडते. सरकत्या काचेच्या दाराच्या उंबरठ्याखाली ही पट्टी बहुधा तुटक असते, आणि तेथेच सर्वांत जास्त पाणी येते. लेजर आणि भिंत यांच्यामध्ये विनाइल साइडिंग दाबलेले दिसले, तर आवरण न काढताच लेजर ठोकलेली आहे. पोकळ आवरणावर आवळलेला बोल्ट कधीच घट्ट राहत नाही. घराची ती बाजू विटांची असेल तर अधिक सावध व्हावे. या घरांतील विटा बहुधा लाकडी सांगाड्यापुढे शोभेसाठी रचलेल्या असतात. त्यांच्यात भार घेण्याची ताकद नसते, म्हणून अशा विटांना लेजर लावणे चूक आहे. तेथे भिंतीलगत खांबांची वेगळी रांग देऊन डेक स्वतःच्या पायांवर उभा करणे, हाच उपाय उरतो.

२००५ या वर्षाकडे विशेष लक्ष वेधतो. २००३ च्या अखेरपर्यंत अमेरिकेत घराबाहेर वापरायचे लाकूड बहुतांशी तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या संयुगाने प्रक्रिया केलेले असे. आर्सेनिकच्या चिंतेमुळे उत्पादकांनी ३१ डिसेंबर २००३ पासून घरगुती वापरासाठी ते देणे थांबवले आणि त्याऐवजी तांब्याचे प्रमाण जास्त असलेली नवी रसायने आली. ती माणसाला कमी घातक असली तरी जस्ताचा पातळ मुलामा दिलेल्या लोखंडाला आधीच्या रसायनापेक्षा लवकर गंजवतात, आणि ॲल्युमिनियमला तर खाऊनच टाकतात. नव्या लाकडासाठी जाड मुलाम्याचे किंवा स्टेनलेस स्टीलचे खिळे आणि वाशांची टोके धरणारे हँगर हवेत, हे सर्व सुतारांच्या आणि दुकानदारांच्या अंगवळणी पडायला काही वर्षे गेली. त्या मधल्या काळात बांधलेल्या डेकांत नवे लाकूड आणि जुन्या पद्धतीचे धातुकाम अशी जोडी मला पुष्कळदा सापडते. आपला डेक नेमका त्याच काळातला आहे. लेजरवरची पट्टी ॲल्युमिनियमची असेल आणि ती थेट लाकडाला टेकत असेल, तर तिला सुईच्या टोकाएवढी भोके पडलेली असण्याची बरीच शक्यता आहे. टॉर्च खालून मारून वरून पाहिले तर ती दिसतात.

हँगर म्हणजे प्रत्येक वाशाचे टोक ज्यात बसते ती इंग्रजी यू आकाराची पत्र्याची खोबण. तिच्यावर पांढरी भुकटी दिसली तर जस्ताचा थर झिजू लागला आहे. लक्ष ठेवावे, घाबरू नये. लालसर गंज दिसला तर थर संपून लोखंड लागले आहे. स्क्रूड्रायव्हरने खरवडल्यावर पत्र्याचे पापुद्रे निघत असतील, तर ते हँगर बदलावेच लागतील. हँगरच्या प्रत्येक भोकात खिळा हवा, आणि तोही हँगरसाठीचाच जाड, आखूड खिळा. काळ्या रंगाचे बारीक ड्रायवॉल स्क्रू दिसले तर ते चालणार नाहीत. ते ठिसूळ असतात आणि आडव्या भाराखाली वाकण्याऐवजी एकदम तुटतात.

लाकूड कुजले आहे का हे डोळ्यांनी कळतेच असे नाही, आणि नवा रंग दिलेला असताना तर मुळीच कळत नाही. घर विकताना डेक रंगवण्यात बेकायदा काही नाही, पण तपासणाऱ्याने त्या रंगाला किंमत देऊ नये. आरीचे टोक लाकडाच्या रेषांना आडवे, थोडे तिरपे रुतवून वर उचकटून पाहावे. निरोगी लाकूड विरोध करते, कडकडते आणि लांब, तंतूदार ढलपी वर येते. कुजू लागलेले लाकूड आवाज न करता बिस्किटासारखे आखूड तुकड्यांत मोडते, ढलपीला तंतूच नसतात. बाहेरून रंग शाबूत असताना आतले लाकूड असे तुटते, तेव्हा ही परीक्षा पाहणाऱ्याला नेहमी धक्का बसतो. ती लेजरवर दर दोन फुटांवर करावी, तसेच प्रत्येक खांबाच्या तळाशी, जिन्याच्या तिरक्या फळ्यांच्या दोन्ही टोकांना, आणि जेथे जेथे दोन लाकडे एकमेकांना चिकटून मध्ये पाणी अडते तेथे करावी. प्रक्रिया केलेले लाकूड कुजत नाही हा समज खरा नाही. जाड खांबात रसायन गाभ्यापर्यंत पोहोचतेच असे नाही, आणि सुताराने जागेवर करवतीने कापलेले टोक तर उघडेच राहते. कापलेल्या टोकाला कॉपर नॅप्थनेट हे कुजणे रोखणारे रसायन लावून ते बंद करायचे असते. ते क्वचितच कोणी करतो.

लाकूड कुजवणारी बुरशी ओलाव्यावर जगते. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर ती वाढत नाही, आणि सतत ३० टक्क्यांच्या आसपास किंवा त्यावर राहिला तर ती सुखाने पसरते. म्हणून कुजण्याची ठिकाणे शोधताना ओलावा कोण टिकवून ठेवत आहे हे शोधावे. आपल्या मराठी घरांच्या डेकवर याचे एक खास उत्तर सापडते: तुळस, कढीपत्ता आणि मोगऱ्याच्या मोठ्या कुंड्या. मे महिन्यात त्या घरातून बाहेर येतात, ऑक्टोबरपर्यंत एकाच जागी राहतात आणि रोज पाणी पितात. कुंडी उचलली की खाली फळीवर काळे, मऊ वर्तुळ दिसते, आणि त्याच्या बरोबर खालच्या वाशाचा माथाही ओला असतो. कुंड्या जरूर ठेवाव्यात, मात्र पायांच्या किंवा चाकांच्या तिवईवर ठेवून खालून हवा खेळू द्यावी आणि महिन्यातून एकदा जागा बदलावी. दोन फळ्यांच्या फटींत साचलेली पाने, भिंतीलगत ढकलून ठेवलेली चटई आणि डेकच्या कडेला टेकवलेले मातीचे वाफे यांनाही हेच लागू आहे.

खांबांकडे वळू. नऊ फूट उंचीला खांब सहा बाय सहा इंचांचे असावेत अशी माझी शिफारस आहे. चार बाय चारचे खांब या उंचीला हलतात. तुळई खांबाच्या माथ्यावर किंवा खांबात कापलेल्या खाचेवर पूर्ण टेकलेली हवी. खांबाच्या दोन्ही अंगांना दोन फळ्या नुसत्या बोल्टाने लटकवलेल्या असतील तर सगळा भार त्या एक-दोन बोल्टांवर येतो. तळाशी खांब काँक्रीटच्या पायावर धातूच्या बैठकीत, जमिनीपासून उचललेला असावा. मातीत किंवा लाकडी भुश्शाच्या थरात गाडलेला खांब जमिनीच्या रेषेवर कुजतो, म्हणून भुस्सा चार-पाच इंच बाजूला सारून तेथे आरी टोचावी. पाया गोठणाऱ्या मातीच्या थराखाली गेलेला नसेल, तर हिवाळ्यात तो वर उचलला जातो. न्यू जर्सीच्या उत्तर भागात ही खोली साधारण तीन फूट धरतात. उन्हाळ्यात डेक एका कोपऱ्यात उंच किंवा तिरका वाटू लागला, तर त्याचे कारण बहुधा पाया असतो. खांबांवर मातीच्या नळ्या चढलेल्या दिसल्या तर वाळवी आहे. अर्ध्या इंचाची गोल, गुळगुळीत भोके आणि खाली भुसा असेल तर तो सुतार भुंगा, ज्याचा धोका तुलनेने कमी. मोठ्या काळ्या मुंग्यांची ये-जा दिसली तर जवळपास कोठेतरी लाकूड ओले आहे असे समजावे.

मंगळागौरीचा मुद्दा येथे येतो. शांतपणे बसलेल्या पस्तीस जणींचा भार सरळ खाली जातो. झिम्मा, फुगडी, पिंगा यांत मात्र सगळ्या जणी एका तालावर पाय आपटतात आणि एकाच दिशेने झुकतात, त्यामुळे डेकला आडवी ओढ बसते, आणि ती तालाबरोबर वाढत जाऊ शकते. उंच डेक आडव्या ओढीला सर्वांत कमजोर असतो. घरातील एका धट्ट्याकट्ट्या माणसाने डेकच्या मध्यभागी उभे राहून कंबर हलवत पुढे-मागे आणि मग डावी-उजवीकडे झोके द्यावेत, आणि दुसऱ्याने खाली, पण डेकच्या बाहेर, दूर उभे राहून पाहावे. एका माणसाने डेक डोळ्यांना दिसेल इतका डोलत असेल, तर खांब आणि तुळई यांना जोडणारे तिरके टेकू नाहीत किंवा ते सैल आहेत. लेजर भिंतीपासून ओढली जाऊ नये म्हणून डेकचे वासे घराच्या वाशांना जोडणारे लोखंडी दांडेही द्यावे लागतात. १,५०० पौंडांची ओढ घेणारे असे दोन दांडे देण्याची पद्धत २००९ च्या संहितेत आली. आपल्या डेकमध्ये ते नसणार हे जवळजवळ गृहीत धरावे. नंतर बसवता येतात, आणि मी तसे करायला सांगेन.

गर्दीच्या दिवशीच दुर्घटना का होतात, याचे उत्तर यातच आहे. शिकागोत २९ जून २००३ रोजी एका इमारतीच्या मागचे लाकडी पोर्च पार्टी चालू असताना कोसळले आणि १३ तरुण दगावले. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे १६ जून २०१५ रोजी बाल्कनी तुटून सहा विद्यार्थी दगावले, त्यांपैकी पाच आयर्लंडहून आलेले होते. तेथे बाल्कनीला धरून ठेवणारे लाकूड आवरणाच्या आत कुजलेले होते आणि बाहेरून त्याची कल्पना आली नव्हती. त्यानंतर कॅलिफोर्नियाने तीन किंवा अधिक घरांच्या इमारतींसाठी ठरावीक वर्षांनी अशा बांधकामांची तपासणी बंधनकारक केली. स्वतंत्र घराच्या डेकला हा कायदा लागू नाही. आपल्या बाबतीतही, बांधकाम पूर्ण झाल्यावर निरीक्षकाने पाहिला असेल तेवढाच. त्यानंतर सरकारी माणूस डेकखाली गेलेला नसणार. घर घेतानाच्या तपासणीत निरीक्षक दिसेल तेवढेच पाहतो, इन्सुलेशन हलवत नाही.

कठड्याची परीक्षा सोपी आहे. जमिनीपासून ३० इंचांहून उंच असलेल्या डेकला किमान ३६ इंच उंचीचा कठडा लागतो, आणि त्याच्या गजांमधून चार इंच व्यासाचा चेंडू जाता कामा नये. लहान मुलाचे डोके अडकू नये हा त्यामागचा हेतू. कठड्याच्या माथ्यावर कोणत्याही बिंदूला २०० पौंडांचा आडवा जोर पेलला पाहिजे. हा जोर वाटतो त्यापेक्षा फार मोठा आहे. कठड्याचा खांब तळाशी पाच इंच अंतरावरच्या दोन बोल्टांनी धरलेला असतो आणि जोर तीन फूट वर लागतो. हिशेब केला तर वरच्या बोल्टवर सुमारे १,७०० पौंडांची ओढ येते. म्हणूनच तळाशी अर्धा कापून कडेच्या फळीला दोन स्क्रूंनी लावलेला खांब काही वर्षांत डुगडुगू लागतो. डेकच्या आतल्या बाजूला उभे राहून, पाय भक्कम रोवून, प्रत्येक खांब दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढावा. बाहेर ढकलून पाहू नये. तुटलाच तर आपणही त्याच्याबरोबर जाऊ. इंचभर हलणारा खांब नुसते स्क्रू घट्ट करून सुधारत नाही. त्याला आतल्या वाशाशी बांधणारी लोखंडी जोडणी लागते.

आई-वडिलांच्या दृष्टीने मात्र मी जिना अधिक महत्त्वाचा मानतो. वयस्कर माणूस पायरीची उंची डोळ्यांनी मोजत नाही. पहिल्या दोन पायऱ्यांवरून पावलाला अंदाज येतो आणि पुढची पावले त्याच अंदाजाने पडतात. म्हणून सर्वांत उंच आणि सर्वांत ठेंगण्या पायरीतील फरक ३/८ इंचाहून जास्त नसावा, असा नियम आहे. प्रत्येक पायरी मोजपट्टीने मोजावी. दोष बहुधा सर्वांत खालच्या पायरीत सापडतो, कारण तेथे माती खचलेली किंवा नंतर फरशी घातलेली असते. जिन्याच्या तिरक्या फळ्या वरच्या टोकाला हँगरने धरलेल्या आहेत की नुसत्या खिळ्यांनी, तेही पाहावे. हाताने धरायचा कठडा मुठीत मावेल असा गोल किंवा खाचेचा हवा. सहा इंच रुंद सपाट फळीवर तोल जाताना हात टिकत नाही.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात सांगतो. वर आलेले खिळे परत ठोकू नयेत. ते काढून त्या जागी डेकचे स्क्रू लावावेत. बार्बेक्यूची ग्रिल भिंतीपासून आणि कठड्यापासून दूर ठेवावी. जोराच्या पाण्याच्या झोताने लाकूड धुतल्यास त्याचे तंतू उकलतात आणि पुढे ते अधिक पाणी पिते, म्हणून ब्रश आणि साबण वापरावा. हिवाळ्यात फूटभर ओला बर्फ चौरस फुटाला २० पौंडांपर्यंत भार देतो. तो प्लास्टिकच्या फावड्याने काढावा, मीठ टाळावे. हॉट टब ठेवण्याचा विचार पुढे कधी आला तर आधी अभियंत्याशी बोलावे: ४०० गॅलन पाणीच ३,३०० पौंडांहून जड असते, आणि सात बाय सात फुटांच्या जागेवर ते चौरस फुटाला ६८ पौंड होते, म्हणजे डेकच्या मूळ क्षमतेच्या बरेच वर.

वर्षातून दोनदा तपासणी पुरेशी आहे: एकदा एप्रिलमध्ये, बर्फ आणि गोठण वितळून गेल्यावर, आणि एकदा ऑक्टोबरच्या अखेरीस, पाने झाडून काढताना. मोठ्या वादळानंतर आणि मोठ्या समारंभाच्या तीन-चार आठवडे आधी आणखी एकदा पाहावे. समारंभाच्या आदल्या दिवशी दोष सापडला तर त्याचा उपयोग नसतो. प्रत्येक वेळी त्याच जागांचे फोटो त्याच कोनातून काढून ठेवावेत. लेजर आणि भिंत यांतील फट दोन वर्षांत वाढली का, हे स्मरणापेक्षा फोटोत स्पष्ट दिसते. फटीत मावेल त्या जाडीचे नाणे धरून फोटो काढला तर तुलना अधिक सोपी होते.

आपल्या डेकच्या वयाचा, उंचीचा आणि ठरलेल्या कार्यक्रमाचा विचार करता, या वर्षी परवानाधारक स्थापत्य अभियंत्याकडून एकदा तपासणी करून घ्यावी असे मी सुचवीन. त्याआधी टाउनशिपच्या क्लार्ककडे ओप्रा या सरकारी नोंदी मागवण्याच्या कायद्याखाली अर्ज करून २००५ च्या परमिटचे नकाशे आणि अंतिम तपासणीची नोंद मागवावी. डेकचे परमिटच नव्हते असे निघाले तर ते आताच कळलेले बरे. डेक बांधणाऱ्या कंत्राटदाराकडून मोफत तपासणी करून घेण्यास माझा विरोध नाही, मात्र ज्याला नवा डेक विकायचा आहे त्याचा अहवाल त्याच हिशेबाने वाचावा. लेजर, तुळई किंवा खांब यांच्या दुरुस्तीला परमिट लागते का, हे काम सुरू होण्यापूर्वी टाउनशिपच्या बांधकाम खात्यात विचारून घ्यावे.

अहवाल हाती येईपर्यंत मंगळागौर दिवाणखान्यात किंवा मागच्या हिरवळीवर ठरवावी. डेकवर रोजचे चार-सहा जणांचे बसणे चालेल, पण ते केवळ लेजरला बोल्ट दिसत असतील, आरी रुतत नसेल आणि कठडा हलत नसेल तरच. यांपैकी एकही गोष्ट बिघडलेली आढळली, तर डेकचे सरकते दार आतून दांडा घालून बंद करावे आणि खालून येणाऱ्या जिन्याच्या तोंडाशी आडवी फळी ठोकावी. केवळ घरच्यांना सांगून ठेवणे पुरत नाही, कारण पाहुणे, शेजारची मुले आणि पार्सल घेऊन मागच्या दारी येणारा माणूस यांना त्यातले काहीच माहीत नसते.